अवघड जागेची प्रार्थना

ईयोबाला तळपायापासून टाळूपर्यंत गळवं झाली आणि तो राखेत जाऊन बसला, असं शास्त्रात आहे. पेटीमावशीनं हा भाग लहानपणापासून ऐकला होता, रविवारच्या शाळेत पोरांना कितीदा तरी शिकवलाही होता. पण 'बसला' या शब्दावर तिचं मन कधी अडखळलं नव्हतं. त्या रविवारी अडखळलं. ईयोबाचा धीर मान्य, ईयोबाची श्रद्धा मान्य. पण माणूस बसला कसा?

तिला एकच गळू झालं होतं, आणि तेवढ्यानं तिचं बसणं संपलं होतं.

पेटीमावशी म्हणजे चर्चमधली पायपेटी वाजवणारी. सगळ्या मंडळीची ती मावशी. तिचं खरं नाव आठवायला तिच्या नवऱ्यालाही जरा थांबावं लागलं असतं. पायपेटी हे वाद्य मोठं मतलबी. दोन्ही पायांनी आळीपाळीनं भाता हलवायचा, दोन्ही हातांनी सूर धरायचे; म्हणजे हात अधांतरी, पाय अधांतरी, आणि वाजवणारीचं सगळं वजन एकाच ठिकाणी. ते ठिकाण नेमकं कामातून गेलं होतं.

पहिल्या गीताला नुसती चुणचुण झाली. दुसऱ्याला मावशी डाव्या अंगावर कलली. शेवटचं गीत विसाव्याचं होतं, सावकाश, हिरव्या कुरणातून चालल्यासारखं म्हणायचं. मावशीनं ते असं दामटलं की मंडळी धापा टाकत तिच्यामागं पळाली, आणि पाळकसाहेबांचं 'आमेन' दोन ओळी मागं राहिलं.

उपासनेनंतर मागच्या खोलीत चहा असायचा. सगळे खुर्च्यांवर टेकले. मावशी कपाटाला टेकून उभी.

"मावशी, बसा की!" सिस्टरबाईनं हाक दिली. ही दवाखान्यातली सिस्टर आणि महिला मंडळाची अध्यक्षही. तिच्या हातात इंजेक्शन असो नाहीतर प्रार्थना, समोरच्याला हलायची सोय नसायची.

"नको, बरी आहे उभी."

"बरी कसली? तोंड बघा, लिंबू पिळल्यासारखं झालंय. गुडघा ना? मला मेलीला दिसत नाही होय? पेटी हाणून हाणून गुडघ्याची वाट लागली तुमच्या."

मावशीच्या डाव्या हाताला पाळकसाहेब बिस्किट बुडवत होते. उजव्या हाताला चर्चचे खजिनदार. समोर गायनवर्गातले चार पुरुष. अशा जागी खरं बोलायला माणूस संदेष्टाच हवा.

"हो," मावशी म्हणाली. "गुडघाच."

एवढंच. पण सिस्टरबाईला एवढं पुरे. "चला गं बायांनो, हात ठेवा!" म्हणताच महिला मंडळ कप खाली ठेवून उठलं आणि मावशीच्या पायाशी गोळा झालं. एका गुडघ्यावर एवढे हात मावेनात, तेव्हा उरलेल्यांनी दुसरा धरला. सिस्टरबाईनं डोळे मिटून सुरुवात केली, "हे प्रभू, या गुडघ्यात उतर! याच्या वाटीत उतर! याचं वंगण परत दे!" आणि मावशी, दोन्ही पाय जप्त झालेली, वर छताकडे बघत मनात म्हणाली, 'प्रभू, उतरलाच आहेस तर जरा वर ये.'

सोमवारी सकाळी ती माडीवरून खाली आली तर स्वयंपाकघरात तिचा नवरा हातोडी घेऊन उभा. नवरा सुतार. बोलायला कमी, ठोकायला तयार.

"आज जिना कुरकुरला नाही," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय? इतकी वर्षं तिसऱ्या पायरीला खिळे मारतोय मी. आज आपोआप गप्प?"

मावशी परत वर गेली, परत खाली आली. जिना गप्प. तेव्हा तिच्या लक्षात आलं की कुरकुरायचा तो जिना नव्हताच. तिचा उजवा गुडघा होता. आणि तो आता नव्या बिजागरीसारखा फिरत होता.

सुतारानं हातोडी ठेवून दिली, जरा नाराजीनं. मावशी मात्र भांडी घासताना देवाशी भांडायला बसली. म्हणजे उभी राहिली.

'तुला माहीत नव्हतं?' तिनं कढईला विचारलं; कढईच्या आडून बोलणं देवाशीच चाललं होतं. 'आमच्या डोक्यावरचे केस मोजून ठेवतोस म्हणे एकूण एक. मग गळू काय मोजताना निसटलं? बरं, मी पत्ता चुकीचा दिला. पण पत्र टाकणारा चुकला तरी पोस्टमनला गल्ली ठाऊक असते की नाही?'

पण मावशी मनानं सरळ होती, तिचं तिलाच वाटलं की देवाचं काही चुकलं नाही. ठोठावलं ते दार उघडलं. शेजारच्या दाराचं आपण नावच काढलं नाही, त्याला तो काय करणार? त्याचा व्यवहार चोख. आपलाच लटका.

सगळी पंचाईत शनिवारची होती. शनिवारी भाचीचं लग्न.

मावशीची धाकटी बहीण गेली तेव्हा ही पोर एवढीशी होती. तिला एकटीला घरी ठेवायची सोय नव्हती, म्हणून मावशी तिला पेटीच्या बाकावर आपल्या शेजारी बसवून वाजवायची. पोर तिथंच मांडीला टेकून झोपली, तिथंच उठली, तिथंच मोठी झाली. तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणीनं लहानपणीच जाहीर करून टाकलं होतं की माझ्या लग्नात मावशीच वाजवणार, नाहीतर मी चालत आतच येणार नाही.

आणि मावशीनं नाही वाजवलं तर कोण वाजवील, हेही ठरल्यासारखंच होतं. गायनवर्गातला एक गडी बॅटरीचा कीबोर्ड बाळगून होता. त्या यंत्रात ढोलताशे आपोआप वाजायची सोय होती, आणि ते बंद कसे करायचे हे त्याला अजून सापडलं नव्हतं. मागं एका म्हाताऱ्याच्या अंत्यविधीला त्यानं ते लावलं आणि शवपेटी उचलणाऱ्यांची पावलं ठेक्यात पडायला लागली. म्हाताऱ्याची बायको अजून त्याच्याशी बोलत नव्हती.

मंगळवारी दुपारी चिमणी आली. मावशी उभ्यानं कणीक मळत होती, उभ्यानंच चहा पीत होती.

"मावशी, सिस्टरबाई म्हणाल्या गुडघा फार आहे तुझा. ऐक, मी रागावणार नाही. कीबोर्डवाल्याला सांगू का?"

"मेले तरी मी वाजवीन."

"लग्नात मरू नकोस गं. फोटोत येईल."

"गुडघा बरा आहे माझा. हे बघ!" मावशीनं तिथल्या तिथं उठाबशा काढून दाखवल्या. खरं तर त्या अर्ध्याच बशा होत्या, पण गुडघा खरंच वाजला नाही.

"मग बस ना. बसून चहा घे."

मावशी कणकेकडे बघत राहिली. चिमणी तिच्याकडे. "काहीतरी आहे," चिमणी म्हणाली. "यांना येऊन बघायला सांगते."

"यांना कुणाला?"

"कुणाला म्हणजे? डॉक्टरांना."

"खबरदार!"

इथं वाचणाऱ्यांना एक म्हण आठवेल. ती मावशीलाही आठवत होती, आणि तिला वाटत होतं की अवघड जागेचं दुखणं नि जावई डॉक्टर ही म्हण ज्यानं केली, त्यानं तिच्याच घराच्या खिडकीतून डोकावून केली असणार. चिमणीचा होणारा नवरा वस्तीतला डॉक्टर होता. वस्तीत दवाखाना एक, तो त्याचा. सिस्टर एक, ती सिस्टरबाई. म्हणजे तिकडे गेलं की इकडचं खोटं उघडं, आणि उरलेलंही उघडंच. त्यातून हा डॉक्टर रविवारच्या शाळेत मावशीचाच विद्यार्थी. शेंबूड पुसून तिनं त्याला दहा आज्ञा पाठ करायला लावल्या होत्या. आता त्याच्यासमोर पालथं पडायचं? जावयाला पाट द्यायचा की पाठ दाखवायची?

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात बाईडॉक्टर होती. मावशी बसनं तिकडेही जाऊन आली. बसमध्ये उभी राहिली तर एक सज्जन मुलगा उठून "बसा ना, आजी" म्हणून मागं लागला. 'नको' म्हटलं तर त्याला वाटलं, भिडस्त आहेत. शेवटी त्यानं कंडक्टरला बोलावलं, कंडक्टरनं आग्रह केला, आणि मावशी दोन थांबे आधीच उतरून चालत गेली. बाईडॉक्टर सुट्टीवर होती. तिच्या जागेवर बसलेला गडी इतका कोवळा की त्याला बघून मावशीनं "इकडे औषधाचं दुकान कुठं आहे?" एवढंच विचारलं आणि आली तशी परत.

सुतार हे सगळं बघत होता. बुधवारी जेवताना त्यानं तोंड उघडलं.

"काय झालंय तुला? चार वेळा जेवलीस, चारही वेळा घोड्यासारखी उभ्यानं."

"बसता येत नाही."

"का?"

"का म्हणजे काय? येत नाही."

सुतार घास चावत राहिला. घास संपला तसा त्याच्या डोक्यात उजेड पडला. "हां," तो म्हणाला. "हां हां. कुठल्या बाजूला?"

"उजव्या. आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

त्यानं काढला नाही. विषय काढण्यापेक्षा तो करवत काढणं पसंत करायचा. दुसऱ्या दिवशी चर्चमधून पेटीचं बाक उचलून आणलं, आणि संध्याकाळपर्यंत त्याला एक सुबक गोल भोक पाडलं, कडा कानसून, पॉलिश मारून, बशीएवढं. "देवाच्या पोराचे बाबाही सुतारच होते," असं तो कुठलंही काम चांगलं झालं की म्हणायचा. तसं म्हणाला आणि बाक तिच्यापुढं ठेवलं. "बस बघू."

मावशीचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला फूल कधी दिलं नव्हतं, भोक दिलं. ती अलगद बसली आणि दुसऱ्या क्षणी छताला जाऊन लागली.

"अहो! हे डावीकडे आहे!"

सुतारानं बाकाकडे बघितलं, हाताकडे बघितलं. वरच्या बाजूचं लाकूड चिरफाळू नये म्हणून त्यानं बाक पालथं घालून खालून कापलं होतं. पालथं घातलं तेव्हा उजवं ते डावं झालं होतं. हे त्याच्या ध्यानात यायला पॉलिश वाळावं लागलं.

"दुसऱ्या बाजूलाही पाडतो," तो म्हणाला.

"आणि मी बसू कशावर? मधल्या पट्टीवर? देवाच्या पोराच्या बाबांनी बाक पालथं घातलं नसेल हो!"

आता शास्त्राशिवाय आधार नव्हता. मावशीला आठवला हिज्कीया राजा. तो गळवानं मरायला टेकला होता, आणि यशया संदेष्ट्यानं त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधायला सांगितली होती, नि राजा बरा झाला. मावशीला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच होती. राजाचं गळू नेमकं कुठं होतं, याबद्दल शास्त्रात चकार शब्द नाही. राजाची अब्रू देवानं राखली. तिला वाटलं, ज्याअर्थी सांगितलं नाही, त्याअर्थी तिथंच असणार.

तिनं अंजीर आणले, वाटले, फडक्यात घालून जागच्या जागी बांधले आणि पोटावर पडून राहिली. अंजिराचा गोड वास सुटला. गुंगी आली. जाग आली ती मुंग्यांनी. मुंग्या भिंतीवरून, खिडकीतून, कुठल्या कुठल्या देशातून रांग लावून आल्या होत्या आणि अंजिरांच्या ढेपेची वाटणी करत होत्या. 'मुंगीकडे जा आणि शहाणा हो' असं शलमोन सांगून गेला. मुंग्याच माणसाकडे आल्या तर काय करायचं, हे नाही सांगितलं. सुतार रंधा टाकून धावत आला तेव्हा मावशी पलंगावर उड्या मारत होती, आणि तिचा गुडघा एकदाही वाजला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये लग्नाची तालीम होती, आणि तिच्याआधी महिला मंडळाची सभा. सभेत साक्ष द्यायची असते, म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते चारचौघींत उभं राहून सांगायचं. सिस्टरबाईनं मावशीला विचारलंच नव्हतं, गुडघा बरा झाल्याचं चिमणीकडून कळताच परस्पर तिचं नाव जाहीर केलं होतं.

"या, मावशी! सांगा सगळ्यांना. गुडघा कसा आहे?"

"बरा आहे," मावशी म्हणाली. "अगदी बरा."

"दुखतो?"

"नाही."

"वाजतो?"

"नाही."

"गुडघे टेकून दाखवा!"

मावशीनं टेकले. उठली. चर्चमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती. पण गुडघा ऐकू आला नाही. "हालेलूया!" महिला मंडळानं छत उचललं. एक म्हातारी रडायला लागली. कुणीतरी तिथल्या तिथं गीत धरलं. आणि मावशी मधोमध उभी, तोंडावर देवाची कृपा, खाली देवाची परीक्षा. तिला खोटं बोलल्यासारखं वाटत होतं आणि खोटं तर काहीच नव्हतं. गुडघा बरा झाला होता. तिनं देवाचे आभार मानले, मनापासून मानले, आणि मानता मानता ढळाढळा रडली.

"बघा, आनंदाश्रू!" सिस्टरबाई म्हणाली. "बसा, मावशी, बसा. किती वेळ उभ्या राहाल?" आणि आपल्या त्या हातांनी, ज्यांनी अर्ध्या वस्तीला पलंगावर दाबून धरून टाके घातले होते, तिनं मावशीचे खांदे धरले आणि तिला लाकडी खुर्चीवर दाणकन बसवलं.

जी किंकाळी निघाली ती पाळकसाहेबांनी बाहेर अंगणात ऐकली. नंतर ते म्हणत, मला वाटलं न्यायाच्या दिवसाचा शेवटचा कर्णा वाजला.

सिस्टरबाईनं अर्ध्या मिनिटात मावशीला पाळकसाहेबांचे झगे टांगायच्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि काय ते बघितलं.

"अगं बाई," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "अगं बाई बाई. हे केवढं झालंय! म्हणजे आम्ही त्या दिवशी भलत्याच ठिकाणी..."

"हो."

"वाटीत उतर, वंगण दे, एवढं सगळं..."

"हो गं बाई."

"आणि गुडघा?"

"तो खरंच बरा झाला. मी काय करू? मी मागितलं नव्हतं!"

सिस्टरबाई क्षणभर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मावशीला वाटलं ती रागावली. ती हसत होती. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि ती पुन्हा सिस्टर झाली.

"चला दवाखान्यात."

"नको गं! प्रार्थना कर ना. आता बरोबर जागेवर कर."

"चालता चालता करते. देवाला मला नुसती प्रार्थनाच करायला लावायची असती तर नर्सिंगला कशाला पाठवलं असतं, गंमत म्हणून? याला चीर द्यायला हवी. आज नाही दिली तर उद्या तुम्ही लग्नात नसाल, तापानं अंथरुणात असाल."

तालमीसाठी आलेला नवरदेव दारातच उभा होता. त्याला सिस्टरबाईनं कोपरानं धरलं, आणि तिघं रस्ता ओलांडून दवाखान्यात गेले.

आत पडदा, पलंग, उकळत्या पाण्याचा वास. मावशी पालथी पडली आणि तिनं तोंड उशीत खुपसलं. डॉक्टरनं हात धुतले, पुसले, परत धुतले. तोही लाल झाला होता.

"तू डोळे मिटून कर," उशीतून आवाज आला.

"मावशी, डोळे मिटून केलं तर चीर भलतीकडे जाईल."

"मग अर्धे मीट."

"दुखलं की सांगा हं."

"दुखतंय!"

"अजून हात लावला नाही मी."

सिस्टरबाई ट्रे धरून उभी होती. तिचे खांदे परत हलायला लागले. डॉक्टरनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि स्टूल ओढून पलंगाच्या उशाशी बसला, मावशीच्या कानाजवळ.

"मावशी, तुम्ही मला एकदा यरीहोच्या वाटेवरचा जखमी केलं होतं. रविवारच्या शाळेच्या नाटकात. आठवतं?"

"आता नाटक कुठं काढतोस?"

"लुटारूंनी त्याला मारलं, कपडे काढून घेतले आणि अर्धमेला टाकून गेले, असं तुम्हीच वाचून दाखवलंत. आणि मला मात्र तीन ब्लँकेटांत गुंडाळून ठेवलंत. मी नुसता घामानं मेलो. त्या जखमीला वाचवणारा शोमरोनी झालेला पोरगा तेलाची बाटली घेऊन आला तर त्याला जखमच सापडेना, सगळीकडे ब्लँकेट. शेवटी त्यानं तेल माझ्या डोक्यावर ओतलं. आमची आई आठवडाभर डोकं धूत होती."

उशीतून हुंदका आला की हसू आलं, ते कळलं नाही.

"मी तिथंच झोपल्या झोपल्या विचारलं होतं, मावशी, कपडे काढून नेले तर ब्लँकेटं कुठून आली? तर तुम्ही काय म्हणालात? म्हणालात, गप्प पड मेल्या, तू अर्धमेला आहेस."

"म्हणाले असेन."

"मग आता तुम्ही गप्प पडा. अर्धमेल्या तुम्ही आहात."

मावशी गप्प पडली. इतकी वर्षं ती गोष्ट सांगत आली. गाढव, तेल, द्राक्षारस, उतारशाळा सगळं सांगितलं, आणि तो माणूस उघडा होता एवढं मात्र पटकन उरकून पुढं गेली. पोरं हसतील म्हणून. त्या बिचाऱ्यालाही लाज वाटली असेल. कुणी ओळखीचं येऊ नये असंच वाटलं असेल. आणि आलं तेव्हा 'डोळे अर्धे मीट' म्हणायला तोंडात त्राण नसेल, म्हणून वाचला.

"कर," ती म्हणाली. "डोळे उघडे ठेवून कर. आणि हे बघ, उजवीकडे. नवऱ्यासारखं करू नकोस."

त्यानं हात ठेवला. उबदार, स्थिर हात होता. तिच्यासमोर आज्ञा म्हणताना सातवीपाशी कायम थरथरणारा पोरगा तो हाच, हे खरं वाटेना. एक टोच, एक कळ, मावशीनं उशीचा कोपरा चावला, सिस्टरबाईनं दुसऱ्या हातानं तिचं डोकं धरलं आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. आणि मग आतला तो ठणका, आठवडाभर घर करून बसलेला, भाडेकरू सामान घेऊन निघून जावा तसा गेला.

"झालं?" मावशीनं विचारलं.

"झालं."

"उद्या बसता येईल?"

"थोडं थोडं. मऊ काहीतरी घालून. आणि मध्ये मध्ये उठायचं, सलग बसायचं नाही. ड्रेसिंग सरकलं तर परत रक्त येईल."

"हे चिमणीला..."

"दवाखान्यातलं मी घरी नेत नसतो, मावशी."

'बघ,' मावशीनं मनात देवाला सांगितलं, 'राजाइतकीच माझी अब्रू राखलीस.' पण ते तिला पुरतं पटलं नाही. कुठंतरी अजून बोचत होतं, आणि ते ड्रेसिंग नव्हतं.

शनिवारी चर्च भरलं. सुतारानं बाकाचं भोक फळी ठोकून बुजवलं होतं, वर उशी बांधली होती. चिमणी सुताराच्या हाताला धरून आत आली तेव्हा मावशीनं पेटीतून असा सूर काढला की कीबोर्डवालासुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. वाजवताना मान वळवून बघायची सोय नव्हती. पेटी भिंतीकडे तोंड करून होती, पावलं मोजूनच वाजवावं लागे. चिमणीची पावलं तिला ऐकूनच ओळखता येत.

मग पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. पाळकसाहेब लग्नात बोलायला लागले की एदेन बागेपासून सुरू करत. मावशी बसून राहिली. कपाळावर घाम आला. उठावं तर सगळे बघतील. ती चिकाटीनं बसली. वेदीपाशी उभ्या नवरदेवाला डोळ्यांच्या कडेतून पेटीचं बाक दिसत होतं, आणि मावशीची पाठ कशी ताठत चालली आहे तेही. लग्न त्याचं असलं तरी पेशंटही त्याचीच होती. त्यानं घसा खाकरला. मावशीनं खांद्यावरून बघितलं. त्यानं भुवया उंचावल्या आणि पाठीमागं बांधलेल्या हाताची दोन बोटं वर केली: उठा.

मावशीनं मान हलवली: नाही.

बोटं पुन्हा वर झाली, या वेळी डॉक्टरकीनं.

नेमके तेव्हाच पाळकसाहेब एदेन बागेतून परत आले होते. ते म्हणाले, "या दोघांच्या विवाहाला कोणाची काही हरकत असेल, तर त्यानं आत्ताच उठून सांगावं."

आणि मावशी उठली.

सगळं चर्च गार पडलं. कुणाचंतरी गीतांचं पुस्तक खाली पडलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मावशी तरीही उभीच होती.

"मावशी?" ते म्हणाले.

"अगं, बस!" पहिल्या रांगेतून सुतार घोगऱ्या आवाजात ओरडला.

"बसवत नाही म्हणून तर उठले!"

चिमणी वळून बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. तेवढं मावशीला पुरलं. तिनं पेटीवर हात ठेवला आणि सगळ्यांकडे तोंड केलं.

"हरकत नाही," ती म्हणाली. "मला गळू झालं होतं. बसायच्या जागी. गुडघ्याला नाही, गुडघा मी लाजून सांगितला. तुम्ही सगळ्यांनी प्रार्थना केलीत, गुडघा खरंच बरा झाला, तो देवाचा मोठेपणा. आणि हे काल या पोरानं बरं केलं. तोही देवाचाच मोठेपणा, पण हात याचा होता. हात चांगला आहे. मी लाज टाकून सांगते, कारण काल त्याच्यापुढं टाकली, आता तुमच्यापुढं काय राहिली? अशा माणसाला माझी चिमणी द्यायला माझी काय हरकत असणार? चालू द्या."

मग मागच्या रांगेतून सिस्टरबाईचं 'आमेन' आलं, दवाखान्यापर्यंत ऐकू जाईल असं, आणि त्यामागून हसू फुटलं. आधी महिला मंडळात, मग गायनवर्गात, मग चिमणी इतकी हसली की डोक्यावरची जाळी एका कानावर लोंबायला लागली आणि नवरदेव ती सरळ करताना स्वतःच वाकडा झाला. पाळकसाहेबांची पुस्तकातली जागा हरवली होती. त्यांनी पुन्हा विचारलं, "तर मग, कोणाची हरकत..."

"नाही!" सगळी मंडळी एकसुरात ओरडली.

नवरदेवानं मावशीला हळूच खूण केली, आता बसलात तरी चालेल. मावशी बसली नाही. इतकी वर्षं तिनं वस्तीतल्या सगळ्या नवरीमुलींना सूर देऊन आत आणलं होतं, सूर देऊन बाहेर नेलं होतं, आणि भिंतीकडे तोंड असल्यानं 'होय' म्हणतानाचा एकीचाही चेहरा बघितला नव्हता.

पाळकसाहेबांनी चिमणीला विचारलं. चिमणीनं जाळी सावरली, डोळे पुसले, आणि म्हणायच्या आधी एकदा पेटीकडे बघितलं.

मावशी उभी राहून बघत होती.